मुंबईचे बारा कधी वाजतात?

दरवर्षी मे महिन्याच्या मध्यावर पेपरात एक छोटीशी बातमी येते. 'आज शून्य सावली दिवस'. सूर्य बरोब्बर डोक्यावर येणार, सावली पायाखाली गडप होणार, अंगणात एखादा उभा पाइप ठेवून बघा, वगैरे वगैरे. मुंबईसाठी हा दिवस साधारण १५ मे, पुण्यासाठी त्याच्या एखाद-दोन दिवस आधी. सोबत वेळही दिलेली असते. मुंबईत दुपारी १२ वाजून ३५ मिनिटं, पुण्यात १२ वाजून ३१ मिनिटं.

आता शाळेत आपल्याला काय शिकवलंय? सूर्य डोक्यावर आला की दुपारचे बारा वाजतात. मग ही वरची पस्तीस मिनिटं कुठून उपटली?

प्रश्न तसा रिकामटेकडा आहे. याच्या उत्तराने कुणाचा पगार वाढणार नाही की कुणाचं अडकलेलं रिलीज सुटणार नाही. पण असा एखादा किडा शनिवारी सकाळी डोक्यात शिरला की रविवार संध्याकाळपर्यंत काही तो बाहेर पडत नाही. त्यात आमच्यासारख्या आयटीवाल्यांचं टाइमझोन या प्रकरणाशी जुनं वैर. मागे एका क्लायंटच्या (नाव नको) सॉफ्टवेअरमध्ये टाइमझोनचा फरक पूर्ण तासांतच साठवायची सोय होती. पाच किंवा सहा, काय ते एक निवडा! साडेपाच नावाचा आकडा जगात असू शकतो हे त्या प्रोग्रामरच्या स्वप्नातही आलं नसावं. त्यामुळे आमच्या सगळ्या मीटिंगा अर्धा तास आधी किंवा अर्धा तास नंतर दिसायच्या. तेव्हापासून 'हे साडेपाच आलं कुठून' हे शोधायचं राहूनच गेलं होतं. ते या निमित्ताने झालं.

तर आधी थोडं गणित. घाबरू नका, पाचवीतलं आहे.

पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटं. मुंबई आहे ग्रीनिचच्या पूर्वेला साधारण ७२ अंश ५० मिनिटांवर. गुणाकार केला की येतात ४ तास ५१ मिनिटं आणि वर थोडे सेकंद. म्हणजे मुंबईची स्वतःची, सूर्याने दिलेली वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. आपल्या घड्याळात मात्र आपण लावतो साडेपाच तास. फरक किती? ३९ मिनिटं. म्हणजे सरासरी पाहिली तर मुंबईत सूर्य माथ्यावर येतो तो दुपारी १२ वाजून ३९ मिनिटांनी. पृथ्वीची कक्षा लंबगोल आणि आस कललेली असल्यामुळे वर्षभरात यात थोडं पुढेमागे होतं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२.२२, फेब्रुवारीच्या मध्यावर १२.५३. पण बारा वाजता? कधीच नाही. वर्षातल्या एकाही दिवशी मुंबईत बाराला बारा वाजत नाहीत!

हेच गणित पुण्याला लावलं की सरासरी १२.३५ च्या आसपास येतात, नागपूरला १२.१४. म्हणजे एकाच महाराष्ट्रात मुंबई आणि नागपूर यांच्या दुपारींत २५ मिनिटांचं अंतर आहे. नागपूरकर उन्हाळ्याबद्दल जरा जास्तच तक्रार करतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी लक्षात घ्यावं की त्यांचा सूर्यही आपल्याआधी कामावर हजर होतो. :)

मग साडेपाच कुणाचे? ८२.५ गुणिले ४ बरोबर ३३० मिनिटं, म्हणजे बरोब्बर साडेपाच तास. हे ८२.५ पूर्व रेखांश उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जातं. थोडक्यात, आपण सगळे मिर्झापूरच्या वेळेवर जगतो. हे पुस्तकात आपण सगळ्यांनीच वाचलेलं असतं, दोन मार्कांना लिहिलेलंही असतं. पण मिर्झापूरची वेळ मुंबईला कधी आणि कशी लावली गेली, आणि मुंबईकरांनी ती मुकाट्याने लावून घेतली का, हे काही त्या पुस्तकात नव्हतं. आणि खरी गंमत तिथेच आहे.

थोडं मागे जाऊ. घड्याळं घरोघरी येण्याआधी आपल्याकडे वेळ मोजायचं साधन होतं घटिकापात्र. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यात सोडायची. हळूहळू पाणी आत शिरून ती भरली आणि बुडाली की एक घटका झाली. एक घटका म्हणजे २४ मिनिटं, दिवसरात्र मिळून ६० घटका. आपण सहज 'घटकाभर बसा हो' म्हणतो, 'त्याची घटका भरली' म्हणतो, ते याच वाटीवरून. (पुढच्या वेळी कुणी घटकाभर बसायचा आग्रह केला तर २४ मिनिटांनी उठायला हरकत नाही.) लग्नात घटिका मांडायची पद्धत अजून आहेच.

या हिशेबात महत्त्वाची गोष्ट अशी की तो सुरू व्हायचा गावातल्या सूर्योदयापासून. साताऱ्याच्या घटका साताऱ्याच्या, काशीच्या काशीच्या. साताऱ्यात आणि काशीत एकाच क्षणी किती वाजले आहेत हा प्रश्न ज्योतिषी-खगोलवाले सोडले तर कुणाला पडायचंच कारण नव्हतं. बातमी घोड्यावरून येत होती. ती आठवड्याने येणार असेल तर पंधरा-वीस मिनिटांचा फरक कोण मोजतो?

वेळेची अडचण झाली ती आगगाडी आणि तार आल्यावर.

१६ एप्रिल १८५३ ला दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. तेव्हाही मुंबई आणि ठाण्याच्या स्थानिक वेळेत फरक होताच, पण तो जेमतेम अर्ध्या मिनिटाचा. त्याची कोण पर्वा करणार? पुढे रूळ लांबत गेले. १८७० मध्ये जबलपूरमार्गे मुंबई आणि कलकत्ता जोडले गेले, आणि गोष्ट हाताबाहेर गेली. कलकत्त्याची स्थानिक वेळ ग्रीनिचच्या ५ तास ५३ मिनिटं पुढे. म्हणजे मुंबईपेक्षा तासाहून जास्त पुढे. आता वेळापत्रक छापायचं कुठल्या वेळेत? आणि एकेरी मार्गावर समोरासमोरून येणाऱ्या दोन गाड्यांचे गार्ड वेगवेगळ्या वेळा लावून बसले तर नुसता वेळापत्रकाचा गोंधळ होणार नव्हता, माणसं मेली असती.

रेल्वेने यावर एक व्यवहारी तोड काढली. मद्रासला ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातली, १७९२ पासूनची वेधशाळा होती. मद्रासची वेळ ५ तास २१ मिनिटं. मुंबईच्या ३० मिनिटं पुढे, कलकत्त्याच्या साधारण ३२ मिनिटं मागे. म्हणजे जवळजवळ मधोमध. तारेने रोज मद्रासची वेळ ठिकठिकाणी कळवायचीही सोय होती. तेव्हा सगळ्या रेल्वेची वेळ म्हणून 'मद्रास टाइम' ठरला. कुणाचीच वेळ खरी नाही, पण सगळ्यांना सारखीच खोटी! आमच्या धंद्यात याला तडजोड म्हणतात आणि बहुतेक चालू प्रणाली अशाच तडजोडींवर उभ्या असतात.

मुंबईकराला याचा अर्थ इतकाच की गाडी पकडायची असेल तर आपल्या घड्याळात अर्धा तास मिळवायचा. स्टेशनात एक वेळ, स्टेशनाबाहेर दुसरी. लोकांनी ते सोसलं, कारण गाडीची वेळ गाडीपुरती होती. घर, दुकान, कचेरी, देऊळ, अग्यारी, मशीद सगळं आपापल्या सूर्यावर चालू होतं.

ठिणगी पडली १८८१ मध्ये. मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन (हो, पुण्याच्या कॉलेजला ज्यांचं नाव आहे तेच) यांनी सरकारी कचेऱ्यांना मद्रास टाइम लावायचा हुकूम काढला. सरकारच्या बाजूने बघितलं तर सोपी गोष्ट होती. रेल्वेची एक वेळ, तारखात्याची तीच, मग कचेऱ्यांची वेगळी कशाला? पण गावात बोंब उठली. आम्हाला न विचारता आमचं घड्याळ हलवणारे हे कोण? आणि हलवायचंच तर मद्रासचं काय म्हणून? राजाबाई टॉवर तेव्हा नवाकोरा, १८७८ साली पुरा झालेला. त्याच्या घड्याळाने कुठली वेळ दाखवावी हाही वादाचा विषय झाला. शेवटी दोन वर्षांनी, १८८३ मध्ये, सरकारला तो हुकूम मागे घ्यावा लागला. मुंबईची वेळ वाचली. त्या वेळेपुरती.

(इथे एक खुलासा. इंटरनेटवर बऱ्याच ठिकाणी असं सापडतं की १८८४ च्या वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने भारताला मुंबई आणि कलकत्ता असे दोन टाइमझोन ठरवून दिले, आणि मुंबईचा ७५ अंशांवर बेतला. वरचाच गुणाकार करून बघा. ७५ अंशांना बरोबर ५ तास येतात, ४ तास ५१ मिनिटं नव्हे. ४.५१ ही मुंबईची आपली सूर्यावरची वेळ होती, ती कुणी वॉशिंग्टनहून पाठवलेली नव्हती. त्या परिषदेने ग्रीनिच हे शून्य रेखांश ठरवलं, कुठल्या देशाने किती तास धरावे हे ठरवलं नाही. गंमत म्हणजे ही चूक पकडायला कॅल्क्युलेटरही लागत नाही.)

पुढचा अंक १९०५-०६ चा. एव्हाना जगभर ग्रीनिचपासून पूर्ण किंवा अर्ध्या तासाच्या अंतराने वेळा ठरवायचं चलन पडलं होतं. हिंदुस्थान पसरलाय साधारण ६८ ते ९७ अंशांत, म्हणजे जवळजवळ दोन तासांचा पसारा. दोन झोन करायचे तर देशाच्या मधून रेघ मारावी लागणार, आणि ती ओलांडताना प्रत्येक गाडीला घड्याळ बदलावं लागणार. त्यापेक्षा मधला ८२.५ धरा आणि अख्ख्या देशाला साडेपाच तास लावा. १ जानेवारी १९०६ पासून ही 'स्टँडर्ड टाइम' लागू झाली.

यात कुणाला काय पडलं ते बघा. रेल्वे मद्रास टाइमवर होती, तिला काटे फक्त नऊ मिनिटं पुढे करायचे होते. एक चहा प्यायला तेवढा वेळ लागतो. कलकत्त्याला काटे मागे घ्यायचे होते, साधारण तेवीस-चोवीस मिनिटं (म्हणजे घटकाभर!). आणि मुंबईला पुढे ढकलायचे होते ३९ मिनिटं. सोय सगळ्या देशाची, पण सगळ्यात मोठं बिल मुंबईच्या नावावर.

आणि काळ तरी कसला होता? १६ ऑक्टोबर १९०५ ला बंगालची फाळणी अमलात आली होती. स्वदेशी आणि बहिष्काराचे वारे वाहत होते. सरकारने काहीही केलं तरी लोकांना त्यात काळंबेरं दिसण्याचे ते दिवस. अशात सरकार सांगणार की उद्यापासून तुमचे बारा आम्ही ठरवू!

जानेवारी १९०६ च्या पहिल्या आठवड्यात मुंबईच्या उत्तर भागातल्या कापड गिरणीत काही हजार कामगारांनी या नव्या वेळेवर काम करायला नकार दिला. दगडफेक झाली. पाठोपाठ शहरात सभा भरल्या, पंधरा हजारांवर लोकांनी अर्जांवर सह्या केल्या. एका घड्याळासाठी!

हे पहिल्यांदा वाचलं की हसू येतं. वाटतं, लोकांना काय समजलंच नव्हतं की काय? आकडा बदलला तर दिवस थोडाच बदलतो? पुढारी, संपादक, व्यापारी यांचा विरोध मानापमानाचा होता असं एक वेळ धरू. पण गिरणीतल्या माणसाला असल्या मानापमानाशी काय देणंघेणं?

इथेच मी जरा थांबलो आणि पुन्हा गणित मांडलं. ५ जानेवारीला मुंबईत सूर्य उगवतो तो आजच्या घड्याळाने सव्वासातच्या सुमारास, म्हणजे जुन्या मुंबईच्या वेळेने ६.३४ च्या आसपास. समजा गिरणीचा भोंगा सहाला व्हायचा. जुन्या वेळेने तो सूर्योदयाच्या अर्धा तास आधी व्हायचा, म्हणजे झुंजुमुंजू झालेलं असे, वाट दिसत असे. आता भोंगा 'सहालाच' ठेवला पण घड्याळ ३९ मिनिटं पुढे केलं, तर तो होणार सूर्योदयाच्या सव्वा तास आधी. मिट्ट काळोखात. त्यात सहाला दारात हजर व्हायचं तर घरून निघायचं त्याच्याही आधी, आणि भाकऱ्या थापायला घरातल्या बाईने उठायचं त्याच्याही आधी. कागदावर सहाचे सहाच राहिले. अंगावर मात्र ३९ मिनिटांची झोप गेली.

बरं, संध्याकाळी ती परत मिळेल याची खात्री काय? हा प्रश्न हवेतला नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांचा अर्ज तयार केला. त्यातल्या मागण्या मुळातून बघण्यासारख्या आहेत. आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार, अपघात झाला तर भरपाई. आणि कामाची वेळ? सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंत.

पुन्हा वाचा. सुरुवात घड्याळाने, शेवट सूर्याने. मला हे वाक्य फार बोलकं वाटतं. सकाळची वेळ घड्याळाने मागितली, कारण गिरणीने कामगारांना हवं तेव्हा पहाटे बोलवू नये. संध्याकाळची मागितली सूर्याने, कारण सूर्य मालकाच्या भिंतीवर टांगलेला नसतो. त्याचे काटे कुणी मागे करू शकत नाही. घड्याळ ही तेव्हा गरिबाच्या खिशात असायची वस्तू नव्हती. किती वाजले हे त्याला गिरणीचा भोंगा सांगायचा, आणि भोंगा वाजवायची कळ मालकाकडे. सूर्य मात्र फुकट होता आणि सगळ्यांना दिसत होता. कामगाराकडे हिशेब पडताळून बघायला तेवढा एकच साक्षीदार होता.

लोखंड्यांच्या सहा वर्षांच्या खटपटीनंतर १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मिळाली. (आज रविवारी मी हे टंकतोय त्याचं थोडं श्रेय त्यांना.) पण सूर्यास्ताची मागणी काही टिकली नाही. गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्य मावळल्यावरही साचे चालू ठेवता येऊ लागले. कापड गिरण्यांतल्या पुरुषांच्या कामाला दिवसाला १२ तासांची मर्यादा कायद्याने घातली गेली ती थेट १९११ मध्ये. मर्यादा बारा तासांची, यावरून आधी काय चालत असेल याची कल्पना करा. म्हणजे १९०६ च्या जानेवारीत जेव्हा घड्याळं ३९ मिनिटं पुढे सरकली, तेव्हा कामगारांपुढे एकीकडे दिव्यांनी लांबवलेली संध्याकाळ होती आणि दुसरीकडे आता पहाटही कुरतडली जाणार होती. हे सगळं लक्षात घेतलं की त्या दगडांचं तितकंसं हसू येत नाही. अडीच वर्षांनी, जुलै १९०८ मध्ये, टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा सहा दिवस मुंबईच्या गिरण्या बंद ठेवणारा वर्ग हाच. तो काही एका रात्रीत जागा झाला नव्हता.

मग निकाल काय लागला? अर्धाअर्धा. सरकार, रेल्वे, तार, टपाल स्टँडर्ड टाइमवर गेले. पण मुंबई महापालिका हटली नाही. तिने आपल्या अखत्यारीतली घड्याळं मुंबईच्याच वेळेवर ठेवली. परिणामी एकाच शहरात दोन वेळा नांदू लागल्या. गाडी स्टँडर्ड टाइमने, बाजार बॉम्बे टाइमने. सभा, नाटक, लग्न कुठलंही आमंत्रण असो, साडेसहा म्हणजे कुठले साडेसहा हे सांगावं लागे. आणि हे काही वर्ष-दोन वर्षं नव्हे. दोन महायुद्धं झाली, देश स्वतंत्र झाला, कलकत्त्याने १९४८ मध्ये आपली वेळ सोडली, तरी मुंबईची वेळ १९५० च्या दशकात पोचली आणि मगच संपली. ज्या सरकारशी भांडण होतं ते गेलं, तरी भांडण चालूच!

मधे दुसऱ्या महायुद्धात तर कहर झाला. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात वीज आणि उजेड वाचवायला अख्ख्या देशाचं घड्याळ आणखी एक तास पुढे, म्हणजे साडेसहावर नेलं होतं. त्या तीन वर्षांत सरकारी घड्याळाप्रमाणे मुंबईत सूर्य सरासरी माथ्यावर यायचा दुपारी १ वाजून ३९ मिनिटांनी.

मुंबईकरच तेवढे हेकट होते असं मात्र कुणी समजू नये. इंग्लंडात ब्रिस्टलची वेळ लंडनच्या दहा मिनिटं मागे. रेल्वेने लंडनची वेळ लादली तेव्हा ब्रिस्टलकरांनी आपल्या कॉर्न एक्स्चेंजच्या घड्याळाला दोन मिनिटकाटे बसवले, एक लंडनचा आणि एक आपला. ते घड्याळ अजून आहे. फ्रान्सने तर कमाल केली. १९११ मध्ये त्यांनी ग्रीनिचची वेळ स्वीकारली खरी, पण कायद्यात इंग्रजांच्या ग्रीनिचचं नावही येऊ दिलं नाही. लिहिलं काय, तर फ्रान्सची वेळ म्हणजे पॅरिसची वेळ वजा ९ मिनिटं २१ सेकंद! पुणेरी पाट्यांना तोड नाही असं कोण म्हणतं?

आता हे सगळं कुठे शिल्लक आहे? एक तर तुमच्या खिशातल्या फोनमध्ये. जगातल्या बहुतेक संगणकांत आणि फोनांत टाइमझोनचा एक सार्वजनिक डेटाबेस असतो. ऑर्थर डेव्हिड ऑल्सन नावाच्या गृहस्थांनी १९८० च्या दशकात तो सुरू केला, आणि तेव्हापासून हौशी मंडळी तो सांभाळत आली आहेत. त्यात 'एशिया/कोलकाता' ही आपली नोंद. तिचा जुना इतिहास उघडून बघितला तर चार-पाच ओळींत सगळी कथा सापडते: आधी कलकत्त्याची वेळ, १८७० पासून मद्रासची ५ तास २१ मिनिटं १० सेकंद, १९०६ पासून साडेपाच, युद्धकाळातले साडेसहा, आणि पुन्हा साडेपाच. मुंबईचे ४.५१ मात्र आकड्यांच्या त्या ओळींत नाहीत. संगणकाला एका झोनला एकच शहर लागतं, आणि ते शहर कलकत्ता ठरलं. पन्नास वर्षं भांडलेली वेळ अखेर नोंदीतून सुटली!

दुसरी जागा म्हणजे पंचांग. गणेश चतुर्थीला मध्यान्हकाळी पूजा करायची, तर पंचांगात मुंबईसाठी दिलेल्या त्या काळाचा मध्य काढून बघा. तो बाराला नसतो, साडेबाराच्या पुढे असतो. पंचांगकर्त्यांनी ८२.५ मनावर घेतलेलं नाही, ते गावाचा सूर्य बघूनच लिहितात. उलट रामनवमीला देवळांत जन्म करतात तो बहुतेक ठिकाणी घड्याळात बाराचे ठोके पडले की. म्हणजे मुंबईच्या खऱ्या माध्यान्हीच्या बराच आधी. चुकलं का? तर यात एक मौज आहे. अयोध्येचा रेखांश आहे साधारण ८२.२. म्हणजे आपल्या घड्याळात बारा वाजतात तेव्हा एप्रिलमध्ये अयोध्येत सूर्य जवळजवळ नेमका माथ्यावर असतो. मुंबईच्या देवळात पाळणा हलतो तो मुंबईच्या दुपारी नव्हे, पण अयोध्येच्या दुपारी अगदी वेळेवर. १९०५ च्या कुठल्याही गोऱ्या अधिकाऱ्याच्या हे मनात नसणार, पण जुळून आलं खरं.

असो. आता मुद्द्याचं.

तुम्ही विचाराल, मग तुझं मत काय? मुंबईला तिचे ४.५१ परत द्यावेत का? मुळीच नाही. पुण्याहून मुंबईला मीटिंगसाठी जाताना चार मिनिटं वजा करायची असतील तर मी नोकरी सोडेन. एक देश, एक वेळ यात सोय आहेच, आणि ती फार मोठी आहे. तांत्रिक वादात १९०६ चे विरोधक हरणारच होते. पण त्यांचा एक मुद्दा तांत्रिक नव्हता आणि तो मला अजून पटतो. सोय सगळ्यांची असते, पण तिची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. आणि ज्याला ती पडते त्याला निदान विचारायला तरी हवं.

हा प्रश्न आजही जिवंत आहे. आसामात हिवाळ्यात संध्याकाळी साडेचार-पाचलाच अंधारतं. तिथल्या चहामळ्यांनी कधीपासूनच घड्याळ एक तास पुढे ठेवलंय, त्याला 'बागान टाइम' म्हणतात. म्हणजे मुंबईची वेळ गेली तरी तिची बहीण चहाच्या मळ्यात टिकून आहे. २०१८ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी ईशान्येसाठी साडेसहाचा वेगळा झोन सुचवला होता. एकाच देशात दोन वेळांचा गोंधळ नको म्हणून ते झालं नाही. कारण योग्यच आहे, पण ते दिल्लीत बसून जितकं योग्य वाटतं तितकं दिब्रुगडला वाटत असेल का?

आणि इतक्या लांब तरी कशाला जायचं? आपल्या देशाचं घड्याळ कित्येक दशकांत जागचं हललेलं नाही. तरीही दरवर्षी मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिका आपले काटे तासाने हलवते, आणि सोमवारपासून हिंजवडीतल्या हजारो घरांतली जेवणं तासभर इकडची तिकडे होतात. मेलमध्ये लिहिलेलं असतं, मीटिंगची वेळ 'तीच' आहे. सकाळचे साडेनऊ. गिरणीचा भोंगाही सहालाच होता!

आम्ही दगड मारत नाही. कॅलेंडरवर 'अ‍ॅक्सेप्ट' दाबतो. पण पुढच्या नोव्हेंबरात मीटिंग तासाने पुढे सरकेल तेव्हा निदान एवढं तरी विचारावं म्हणतो, की बाबांनो, आमच्याकडे किती वाजलेत ते ठाऊक आहे ना?